बहिऱ्याने तपासलेला भोंगा

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे ओळखायला नाक लागायचं. सुकदेवच्या घरचं मात्र बसल्या जागी कळायचं. "आज बी गिलकाज?" असा आवाज संध्याकाळी सात घरं ओलांडून यायचा, आणि पुढचा अर्धा तास गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना भाजी वाढताना तेच वाक्य त्याच चालीत म्हणून घ्यायच्या. यात सुकदेवचा काही दोष नव्हता. बावीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळावं कसं? सांगायला गेलं तर त्याला ऐकू कुठे येत होतं? त्यामुळे त्या घरात गुपित टिकत नसे. प्रमिलाबाईचे गुडघे, पारोळ्याकडच्या बांधाचं भांडण, मेहुण्याचं मोडलेलं लग्न, सगळं गल्लीला त्याच्याच तोंडून पाठ.

प्रमिलाबाई म्हणजे त्याची बायको. ती त्याला हाक मारत नसे. फरशीवर दोनदा टाच आपटायची, की ओट्यावर पाठमोरा बसलेला सुकदेव वळायचा. कान गेले तसे त्याचे तळपाय जागे झाले होते. गल्लीच्या मागे, खाडीच्या कडेला, सात खाती होती. खातं म्हणजे मागांचा कारखाना. एकेका खात्यात पन्नास-साठ माग आणि दिवस-रात्रीच्या दोन पाळ्या. ती सात खाती चालू असली की आख्ख्या गल्लीची जमीन बारीक थरथरत राहायची, फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. लोकांना त्याची इतकी सवय की कुणाच्या ध्यानातही येत नसे. सुकदेव मात्र अनवाणी उभा राहून सांगायचा, आज तिसरं खातं बंद दिसतंय. आणि ते बंद असायचं. पोरं पैज लावून बघायची. तो हरत नसे.

खात्यात तसं कुणालाच ऐकू येत नाही. साठ मागांचे धोटे एकदम आपटत असतात तिथे शेजारचा माणूस कानात ओरडला तरी नुसता वारा लागतो. म्हणून तिथली भाषा हाताची आणि ओठांची. मनगटावर दोन बोटं म्हणजे किती वाजले. मूठ उघडून मिटली म्हणजे बॉबीन संपली. आडवा तळहात खाली दाबला म्हणजे माग बंद कर. एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करायलाही खुणा होत्या आणि त्या सगळ्यात आधी शिकवल्या जात. सुकदेव या भाषेत पंडित होता. बाहेरच्या जगात बहिरा ठरला तो फार पुढे. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकोचं रागावणं, तेव्हा त्याला वाटलं बाई निवळली.

मग नव्वद साल आलं.

त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी भरदुपारी चढलं. रस्त्यावर माणसं धावत होती, खात्याच्या पत्र्यावर कुणी दगडही मारले म्हणे. आत माग चालू. धाकटा भाऊ भिकन खालच्या टोकाच्या मागांच्या जोडीवर होता, मोरीच्या बाजूला. पाणी तिथून आत आलं. कापड भिजू नये म्हणून भिकनने वाकून गुंडाळी उचलायला एक हात मागाच्या लोखंडावर टेकला. सुकदेव वरच्या टोकाला होता. त्याने मान वर केली तर भाऊ मागाला धरून ताठ उभा. सुकदेवला वाटलं, माग अडकलाय. त्याने हाताने विचारलंसुद्धा, काय झालं? भिकनचे हात काही बोलले नाहीत. विजेचा खटका दाराशीच होता. तो खाली ओढायचं कुणाला सुचेपर्यंत उशीर झाला.

त्यानंतर सुकदेवला लोखंडाला हात लावणं जमेना. मागाजवळ गेला की बोटं आखडायची. वर्षभर इकडेतिकडे करून तो पालिकेच्या झोन ऑफिसात रोजंदार शिपाई म्हणून लागला. भिकनची बायको पार्वती मागे राहिली, मूल नाही, माहेरी कुणी नाही. ती याच घरात राहिली आणि तिसऱ्या खात्यात बॉबीन भरायला जाऊ लागली. सुकदेव तिचा जेठ. खानदेशात धाकट्या भावाची बायको जेठासमोर तोंडावर पदर घेते आणि थेट बोलत नाही; जे सांगायचं ते जावेच्या मार्फत. इतर घरांत सुरतेला येऊन हे सैल झालं होतं. पार्वतीने सोडलं नाही. ती पदराआडून प्रमिलाबाईला सांगायची, प्रमिलाबाई टाच आपटून सुकदेवला सांगायची. म्हणजे बघा, जो माणूस ओठ बघूनच ऐकतो त्याच्यापुढे ती लग्न होऊन आल्यापासून सोळा वर्षं ओठ झाकून वावरत होती. तिचा एक शब्दही त्याने कधी ऐकलेला नव्हता.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीत अर्धी गल्ली गावाकडे पळाली आणि हळूहळू परत आली. त्यानंतर शहर बदललं म्हणतात. झाडू वाढले तसे कागदही वाढले. प्रत्येक संकटाची एक वही. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात झोन ऑफिसात पुराच्या वहीचा मसुदा आला: पाणी चढलं तर कुणी काय करायचं, कुठली शाळा उघडायची, किल्ली कुणाकडे, लोकांना खबर कशी द्यायची. खबर द्यायला रिक्षावर भोंगा. आणि वही छापण्याआधी सगळं प्रत्यक्ष तपासून घ्यायचं, असा वशीसाहेबांचा हुकूम. वशीसाहेब नवे इंजिनियर, तरुण, चष्म्याआड कायम झोप अपुरी झालेले.

भोंगा कुठवर ऐकू येतो हे तपासायला कुणाला पाठवायचं असा प्रश्न निघाला. जूनचं ऊन, खाडीचा वास; कुणी मान वर करेना. हेडक्लार्क ठाकोरभाईंनी खुर्चीत मागे रेलून सुकदेवकडे बोट केलं.

"सुकदेवभाई, तमे जाओ. तमारा जेवा कान कोई पासे नथी."

ऑफिस हसलं. सुकदेवने ओठ वाचले, तोही हसला आणि फॉर्म घेऊन निघाला. त्या दिवशी दुपारपर्यंत बहिऱ्याला भोंगा तपासायला धाडल्याची बातमी नवागामात पोचली होती. आपली गल्ली अशा बाबतीत मागे नसते. चहावाल्याने त्याला बघून कानामागे हात धरला. पोरांनी तोंडं हलवून नुसती हवा सोडली, आवाज न करता, आणि त्याने तीही वाचली; काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

पण सुकदेवने काम केलं ते फॉर्मला शोभेल असं. रिक्षा अकरा वाजता नाक्यावरून निघाली. तो मागोमाग चालत सातही खात्यांच्या आत गेला. प्रत्येक ठिकाणी चार-पाच जणांसमोर उभा राहून त्याने कानाला हात लावला आणि भुवया वर केल्या: ऐकलं का? प्रत्येक ठिकाणी अंगठे आडवे हलले. तिसऱ्या खात्याचा वाल्मिक मास्तर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, ताडासारखा उंच माणूस, त्याने हातानेच उलट विचारलं, काय ऐकायचं होतं?

सुकदेवने भिंतीला फॉर्म टेकवून प्रत्येक ओळीत लिहिलं: रस्त्यावर हा, आत ना. सात ओळी. खाली सही केली, सुकदेव धुडकू बोरसे. तपासनीस म्हणून आयुष्यात पहिल्यांदा.

वही जुलैत छापून आली. ठाकोरभाईंनी सगळ्यांना दाखवली, प्लास्टिकच्या कव्हरची. सुकदेवला गुजराती अक्षरं सावकाश का होईना लागायची. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं: भोंग्याची चाचणी, सातपैकी सात ठिकाणी समाधानकारक. आणि खाली, तपासनीस: सुकदेव धुडकू बोरसे.

त्याने ते तीनदा वाचलं. मग पान उघडं ठेवून ठाकोरभाईंसमोर गेला. "मी ना लिहिलं होतं."

ठाकोरभाई मनाने वाईट माणूस नव्हते. वही वेळेत वर जायची होती, आणि सात नकार गेले असते तर चाचणी पुन्हा झाली असती. "अरे, बहेराने शी खबर," ते समजुतीने म्हणाले. "तुला नाही आलं ऐकू म्हणून तू ना लिहिलंस. मी दुरुस्त केलं."

"मला नाही. त्यांना."

ठाकोरभाईंनी हात जोडले आणि चहा आणायला सांगितलं.

त्या संध्याकाळी गल्लीला नेहमीप्रमाणे सगळं ऐकू आलं. फक्त गिलक्यांचं नाव नव्हतं. "माझं नाव घातलंय खाली. माझं नाव." हे इतक्यांदा आलं की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन तो वशीसाहेबांच्या टेबलापाशी थांबला. कपाबरोबर एक चिठ्ठी ठेवली. रात्रशाळेतल्या शिक्षकाकडून गुजरातीत लिहून घेतलेली: "खात्यात भोंगा ऐकू जात नाही. आधी वीज बंद करावी. माग थांबले की माणूस आपोआप बाहेर येतो. आणि पाण्यात करंट राहत नाही."

साहेबांनी वाचली. तो ओठ बघतोय हे त्यांना माहीत होतं, म्हणून सावकाश बोलले. "काका, वीज आपल्या हातात नाही. ती वीजकंपनी वेगळी. आणि शेठ लोक ऐकणार नाहीत. एकदम माग थांबला की कापडावर पट्टा पडतो, तुम्हाला मी काय सांगू. शिवाय चाचणीत तर सातही ठिकाणी ऐकू आलंय. तुमचीच सही आहे."

"साहेब, मी तसं लिहिलं नव्हतं."

साहेबांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. मागे कुणीतरी काहीतरी बोलत होतं. सुकदेवला ते दिसत नव्हतं. त्याला फक्त साहेबांच्या ओठांच्या कडा वर जाताना दिसल्या. तो वळला तेव्हा ठाकोरभाई फाइलीत डोकं घालून बसले होते.

साहेबांनी चिठ्ठी घडी करून टेबलाच्या काचेखाली सरकवली. फाडली नाही, एवढं खरं.

सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. एकीकडे तापी फुगल्याच्या बातम्या, इकडे खाडी काठोकाठ. ज्या दिवशी पाणी चढलं त्या दिवशी दुपारी अडीचला झोन ऑफिसातून हुकूम सुटले. वहीत सुकदेवच्या नावापुढे एकच काम होतं: मराठी शाळा उघडणे, किल्ली त्याच्याकडे. तो किल्ली मुठीत धरून सायकलवर निघाला.

नाक्यावर भोंग्याची रिक्षा त्याच्या पुढून गेली. ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस माइक तोंडाशी धरून ओरडत होता. चहावाला भांडी गोळा करत होता, बाया पोरांना काखोटीला मारून शाळेकडे निघाल्या होत्या. म्हणजे रस्त्यावर हा. गटारातलं पाणी उलटं वाहत होतं. दोऱ्याच्या कचऱ्याचे रंगीत गोळे खाडीकडे जायच्या ऐवजी गल्लीत येत होते.

सुकदेव सायकलवरून उतरला. चप्पल चिखलात रुतली म्हणून त्याने पाय बाहेर काढला आणि उघडा तळवा जमिनीवर टेकला.

जमीन थरथरत होती. सातही चालू.

उजवीकडे शाळा, डावीकडे खाती. शाळेची किल्ली हातात आणि शाळेच्या दाराशी माणसं पोचत असणार. तिसऱ्या खात्यात पार्वती बॉबीन भरत होती, मोरीच्या बाजूला, कारण बॉबीनवाल्या बायांना तिथेच बसवतात. तो किती वेळ उभा राहिला हे त्यालाही सांगता यायचं नाही. मग किल्ली बंडीच्या खिशात घातली आणि डावीकडे वळला.

पहिल्या खात्याच्या दारात पाणी पायरीला लागलं होतं. खटक्याची पेटी आतल्या भिंतीवर. आठ वर्षांत त्याने खात्याच्या लोखंडाला हात लावला नव्हता. त्याने बॉबीनचं लाकडी खोकं ओढलं, त्यावर चढला, कोपऱ्यातला कोरडा दांडका घेतला आणि डोळे मिटून खटका खाली हाणला.

साठ माग एकदम थांबले. असं म्हणतात की त्या शांततेत पहिल्यांदा पाऊस ऐकू आला. त्यालाही काहीतरी कळलं असणार, कारण त्याने डोळे उघडले. कारागीर शिव्या देत उठले होते, आधी हाताने, मग तोंडाने. आणि तेव्हा सुकदेवचा तो आवाज, ज्याच्या नकला नवागामने वर्षानुवर्षं केल्या, तो बंद पडलेल्या खात्यात घुमला.

"पानी उनं. बाहेर निंघा."

लोकांनी खाली बघितलं. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही.

दुसरं खातं. तिसरं. तिसऱ्यात वाल्मिक मास्तरने खटका पडताच दाराकडे धाव घेतली, कुणाचा तरी गळा धरायला. दारात खोक्यावर चढलेला सुकदेव दिसला, आणि त्याच्यामागे पाणी. सुकदेवने चार बोटं दाखवली, मग आडवा तळहात खाली दाबला: अजून चार, बंद करा. वाल्मिकने दोघांना घेऊन पुढची खाती गाठली. बाया बाहेर आल्या. त्यात पार्वती होती, एका हातात बॉबीनची टोपली, दुसऱ्या हाताने पदर तोंडावर ओढलेला. कमरेखाली भिजलेली. जेठासमोरून जाताना ती क्षणभर थांबली आणि खाली मान घालून निघून गेली.

सातव्या खात्यात खटका पडला तेव्हा मागच्या बाजूला पाणी मोटारींना टेकायला चार बोटं उरली होती. सातही खात्यांतून माणूस न माणूस बाहेर आला.

आणि शाळा बंद होती. हेही सांगायला हवं. पस्तीस मिनिटं साठ कुटुंबं त्या कुलपासमोर पावसात उभी होती. मराठवाड्यातली रुक्मिणीआजी, अंगात ताप, पायरीवर पोत्याखाली बसून होती. सुकदेव किल्ली घेऊन धापा टाकत आला तेव्हा तिच्या मुलाने, सखारामने, त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली आणि तोंडावर जे बोलायचं ते बोलला. सुकदेवला सगळं दिसलं. आजीला दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. ती वाचली. सखाराम मात्र दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलला नाही, आणि सुकदेवनेही त्याला कधी कारण सांगितलं नाही.

पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरात आढावा ठरला: वही कुठे चालली, कुठे अडली. वशीसाहेबांनी नवे फॉर्म काढले. आदल्या संध्याकाळी ठाकोरभाई स्वतः नवागामात आले, धोतर वर धरून चिखल चुकवत. इतका मोठा माणूस गल्लीत आला म्हणून बाया कामं काढून ओट्यावर बसल्या. ते सुकदेवसमोर खुर्चीत बसले आणि नीट तोंड उघडून बोलले.

"शाळा उशिरा का उघडली, तिथे मी लिहिलंय, रस्त्यावर पाणी होतं. खाती रिकामी कशी झाली, तिथे लिहिलंय, भोंग्यामुळे. धनसुखशेठ तक्रार घेऊन आलेत, त्यांच्या खात्याचा खटका कुणी पाडला, कापडाचं नुकसान झालं, नाव पाहिजे. मी म्हटलं, गर्दीत कोण ते कुणाला माहीत. तुझा कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. उद्या चहा दे आणि गप्प बस. समजलं?"

सुकदेवने मान हलवली. ठाकोरभाई अर्धा कप चहा पिऊन गेले. त्यांनी हे सगळं त्याच्या भल्यासाठी केलं होतं, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं.

प्रमिलाबाईने टाच आपटली. "आयकं ना? गुपचूप बठा. सात वरीस व्हयनात. एकदाव कायम व्हई जावा."

सुकदेवला एकोणिसावं पान दिसत होतं. उद्या नवी वही निघेल, त्यात लिहिलं जाईल की भोंगा खरोखरीच्या पुरातही चालला. मग ती वही कुणी तपासणार नाही. पुढच्या खेपेला रिक्षा फिरेल, ओरडेल, आणि आत माग चालू असतील. खाली नाव त्याचं.

पार्वती चुलीपाशी होती. ती उठली. पुढे येऊन त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर उभी राहिली, आणि तिने पदर तोंडावरून काढून खांद्यावर टाकला. प्रमिलाबाई "ओ माय" म्हणून उठायला गेली आणि तशीच राहिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा सुकदेवला भावजयीचं तोंड दिसलं. वरच्या ओठावर तीळ होता. तो त्याला माहीत नव्हता.

ती सावकाश बोलली, एकेक शब्द ओठांवर मांडून. "त्या दिन खटका कोन्हीज खाले करा नही. आतेना पूरमा तुम्ही करा. मंग सांगाले कसानं भ्याव?" आणि थोडं थांबून, "त्या पुस्तकमा तुम्हनं नाव शे. खोटं ऱ्हाऊ देशात का?"

एवढं बोलून तिने पदर पुन्हा घेतला आणि भाकरी थापायला बसली. त्या संध्याकाळी त्या घरातून एकही आवाज बाहेर आला नाही. गल्ली कान टवकारून बसली ती फुकट.

आढाव्याला साहेबांचंच टेबल भरलं होतं. वशीसाहेब, ठाकोरभाई, धनसुखशेठ आणि आणखी दोन शेठ, कारागिरांच्या वतीने वाल्मिक. साहेबांनी फॉर्म वाचायला घेतला. शाळेच्या ओळीवर टिक. खात्यांच्या ओळीवर त्यांचं पेन टेकलं, तेवढ्यात सुकदेवने ट्रे खाली ठेवला. कप वाजले. सगळ्यांनी वर बघितलं.

"शाळेच्या रस्त्यावर पाणी नव्हतं," सुकदेव म्हणाला. आवाज तोच, सात घरांवरून जाणारा. कॉरिडॉरमधली माणसं दारात आली. "मी शाळेत गेलोच नाही. मी खात्यांकडे गेलो. पहिल्या तीन खात्यांचा खटका मी पाडला, पुढचे माझ्या सांगण्यावरून पडले. भोंगा आत कुणाला ऐकू गेला नाही. जूनमध्येही गेला नव्हता. मी ना लिहिलं होतं."

धनसुखशेठ अर्धवट उठले. "म्हणजे तो तू."

"मी."

ठाकोरभाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी वाल्मिककडे वळून विचारलं, "तुम्हाला भोंगा ऐकू आला होता?"

वाल्मिकने मानेमागे खाजवलं. "साहेब, भोंग्याचं काय घेऊन बसलात. तुम्ही मघापासून बोलताय त्यातलंही आम्हाला निम्मंच येतंय."

कुणी हसलं नाही. साहेबांनी टेबलाची काच उचलली, खालून एक घडी केलेली चिठ्ठी काढली आणि ती फॉर्मशेजारी ठेवली. मग भोंग्याच्या ओळीवर आडवी रेघ मारली. शाळेच्या ओळीवरची टिकही खोडली.

सुकदेव कायम झाला नाही. हुकूम सोडून दुसरीकडे गेला, परक्याच्या मालमत्तेला हात लावला, शेठ मंडळींची लेखी तक्रार. साहेबांना जेवढं वाचवता आलं तेवढं त्यांनी वाचवलं, म्हणजे पोलिसात गेलं नाही. नोव्हेंबरपासून त्याचं नाव मस्टरवरून गेलं. प्रमिलाबाई पंधरा दिवस कुणाशी नीट बोलली नाही आणि टाच इतक्या जोरात आपटायची की शेजारच्या घरवाल्यांनी विचारणा केली. मग त्याने भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. त्या आवाजाला याहून योग्य धंदा नव्हता. "गिलकेऽ" ही हाक नाक्यावरून निघायची आणि बाया पदराआड हसत टोपल्या घेऊन यायच्या. सखारामने दिवाळीनंतर एकदा पावशेर मिरच्या घेतल्या. तेवढंच. शाळा उशिरा का उघडली ते त्याला वाल्मिककडून कळलं होतं.

जूनमध्ये पुन्हा चाचणी आली. नवी वही छापली गेली होती. तिच्या एकोणिसाव्या पानावर काय होतं हे सुकदेवला कुणी दाखवलं नव्हतं आणि तो विचारायलाही गेला नाही. त्या दिवशी अकराच्या सुमारास तो शाळेच्या कोपऱ्यावर लारी घेऊन उभा होता, ऊन म्हणून चप्पल काढून लारीच्या सावलीत पाय ठेवलेले. समोर पार्वती होती. त्या दिवशी तिची सुट्टी. ती गिलक्यांवर पाणी शिंपडत होती, पदर नेहमीसारखा.

एकदम सुकदेवने तराजू खाली ठेवला.

जमीन थांबली होती. आधी पहिलं, दुसरं, मग एका दमात सगळी. तळव्याखाली काहीच नव्हतं, नुसती माती. आधी वीज, मग भोंगा: दूर कुठेतरी रिक्षा आता ओरडायला लागली असणार, कारण चहावाला त्या बाजूला बघत होता. खात्यांच्या दारांतून माणसं बाहेर येत होती, डोळ्यांवर हात धरून, केसांत कापसाची भुकटी, एकमेकांना हातांनी विचारत, काय झालं?

सुकदेव पाय न हलवता उभा राहिला. पार्वतीने त्याच्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

एक मिनिटानंतर जमीन पुन्हा थरथरायला लागली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. सुकदेवने तराजू उचलला.